आईचे ‘हे’ आणि सरांचा ‘ही’

सर तळहात वर करायचे, सिग्नलवरच्या पोलिसासारखा. “थांबा, थांबा. कोण ‘ही’?”

स्टाफरूममध्ये कुणी मुख्याध्यापकांबद्दल “ही इज व्हेरी क्लेव्हर हां” असं कुजबुजलं, की तो तळहात ठरलेला. आधी नाव सांगा, मग सर्वनाम वापरा. मग मुख्याध्यापक दारात उभे का असेनात.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा माणूस असेल. सगळ्यांचा त्याच्यावर जीव, आणि म्हणूनच तुमचा जीव जळतो.

दिंडोशीतल्या आमच्या मराठी शाळेत इंग्रजी मी शिकवत होते. चांगलं शिकवत होते. मग सर आले. पांढरा फुल शर्ट, वरच्या खिशात खडू, तोंडात बडीशेप, आणि आवाज इतका हळू की मागच्या बाकावरची पोरं ऐकण्यासाठी गप्प बसायची.

‘ही माझी बहीण’ याचं इंग्रजी आमची नववीची मुलं ‘ही इज माय सिस्टर’ असं करायची. मी वर्षानुवर्षं त्यावर लाल गोल काढत आले होते. सर त्या मुलाला म्हणाले, “कान मराठी आहे रे तुझा, चांगलंच आहे की! फक्त त्याला सांगून ठेव, इंग्रजीच्या गल्लीत ‘ही’ हा मुलगा असतो.” वर्ग खो खो हसला आणि ती चूक त्या वर्गातून गेली. माझ्या तुकडीतली एक मुलगी मला निरागसपणे म्हणाली, “मॅडम, सर आपल्या पण वर्गावर येतील ना?”

शाळेतलं मी गिळलं. पण सरांनी रविवारी दुपारी आमच्या वस्तीतल्या विहारात बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू केला, आणि माझी आई तिथे जायला लागली.

माझी आई! बाबा गेल्यापासून मी तिच्या मागे लागले होते, बस, तुला शिकवते. तिचं उत्तर एकच, “तू ओरडतेस गं.” आता ती शनिवारीच साडीला इस्त्री करून ठेवायला लागली.

पहिल्या रविवारी मी तिला आणायला जरा लवकरच गेले आणि दारात उभी राहिले. आई सरांशी वाद घालत होती.

“सर, ह्यांना मी ‘तो’ म्हणणार नाही. उभ्या जन्मात कधी नावसुद्धा घेतलं नाही मी.”

“आई, इंग्रजीत राजा पण ‘ही’ आणि त्याची घोडागाडी हाकणारा पण ‘ही’,” सर म्हणाले. “तो शब्द कुणाला वर चढवत नाही, कुणाला खाली बसवत नाही.”

‘आई’ म्हणाले ते. माझ्या आईला.

“आणि गंमत सांगू? फार जुन्या काळी इंग्रज लोक या शब्दाचा उच्चार ‘हे’ असाच करायचे. बोलता बोलता पुढे त्याचा ‘ही’ झाला.”

आई पुढे सरकून बसली. “म्हणजे तिकडच्या बायका पण नवऱ्याला ‘हे’ म्हणायच्या?”

“सगळ्याच पुरुषांना म्हणायचे. आपल्या ‘हे’शी त्याचं नातं नाही हां, नुसता कानाला सारखा लागतो.”

“नातं नसू दे,” आई म्हणाली. “मला चालतंय.”

घरी येऊन मी मोबाइलवर शोधलं. सर चुकलेले असावेत अशी माझी फार इच्छा होती. ते बरोबर होते.

काही महिन्यांनी सरांनी प्रत्येकीला घरातल्या एका पुरुषाबद्दल इंग्रजीत बोलायला सांगितलं. मलाही आवर्जून बोलावलं होतं. आई उभी राहिली, पदर सावरला.

“माय हजबंड. ही वॉज बस ड्रायव्हर. ही ड्रोव्ह बस इन आरे कॉलनी.” ती थांबली. “ही वॉज अफ्रेड.”

“अफ्रेड ऑफ?” सरांनी हळूच विचारलं.

“लेपर्ड. एव्हरी डे ही वॉज अफ्रेड. ही सेड, डोन्ट टेल माय डॉटर.”

लहानपणी बाबा मला बिबट्याच्या गोष्टी सांगायचे. बिबट्या रस्त्यात आडवा बसतो, बाबा हॉर्न देतात, तो शेपूट हलवून वाट सोडतो. आख्ख्या वस्तीत माझ्या बाबांसारखा शूर माणूस नाही, असं मी आजवर धरून चालले होते. ती सगळी भीती आईने एकटीने सांभाळली होती, आणि आता ती बोलत होती ते सरांकडे बघून.

बायका डोळे पुसत होत्या. मी मात्र जळत होते. माझ्या बाबांची भीती या माणसाला माझ्याबरोबरच कळावी? हा कोण लागतो त्यांचा?

येताना चढावर मी आईला अडवलं. “मला कधी का नाही सांगितलंस?”

आई दम खात उभी राहिली. “मराठीत हे कधी घाबरले नाहीत गं,” ती म्हणाली, आणि चालू लागली.

पुढच्या वर्षी सरांची बिल्डिंग पाडायला घेतली. ते बदलापूरला गेले आणि तिथल्याच शाळेत लागले. निरोपाला मुलं रडली. मी छानसं भाषण केलं. नववीच्या सगळ्या तुकड्या पुन्हा माझ्या झाल्या. स्टाफरूममध्ये आता कुणीही कुणालाही ‘ही’ म्हणतं, कुणी अडवत नाही. विहारातला वर्ग बंद पडला तेव्हा मी आईला म्हटलं, आता मी शिकवते. अजिबात ओरडणार नाही.

“बघू,” ती म्हणाली.

हल्ली रविवारी दुपारी ती फोन घेऊन आतल्या खोलीत जाते आणि दार लोटून घेते. परवा मी गवार मोडत होते. मोडता मोडता ताट हातात घेऊन दाराशी कधी पोहोचले, कळलंच नाही.

“माय डॉटर? शी इज फाइन, सर,” आई सांगत होती. “नो, नो, नॉट बिझी.” मग तिकडून सर काहीतरी बोलले. आई हसली, आणि आवाज जराही कमी न करता म्हणाली, “शी इज बिहाइंड द डोअर. शी इज लिसनिंग.”