मी नाही बाहेर येणार!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच कुणी दात काढले तर हा गरम चहा त्याच्या अंगावर जाईल, सांगून ठेवते! अशी फजिती उभ्या आयुष्यात झाली नव्हती आमची. आमची म्हणजे माझी. आणि राग अजून उतरलेला नाही.

तर आमचा डहाणूच्या बायकांचा फुटसालचा संघ. फुटसाल म्हणजे छोट्या मैदानातला फुटबॉल. एका बाजूला पाचच जणी, पण पळायचं मात्र अकरा जणींचं! मी मूळची कबड्डीवाली. लग्नाआधी गावोगावच्या स्पर्धा गाजवलेल्या. आणि कबड्डीत कसं साधं असतं बघा: जी मैदानाबाहेर बसली, ती बाद झाली. हे माझ्या हाडामासात मुरलेलं.

माझी पहिलीच मॅच. गेल्या गेल्या मी गोल ठोकला. लगेच कडेवरून आमच्या कोच रंजनाताई ओरडल्या, "भारती, बाहेर ये! जसू, तू आत!"

बाहेर? मी? आत्ता गोल मारलेली बाई?

गेले बापडी. थोड्या वेळाने म्हणे, "जा आत." गेले. जरा अंग गरम होतंय तोच, "भारती, बाहेर!" अहो, मी काय दाराशी आलेली मांजर आहे?

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणाला, "दमली असशील. वय झालं आता."

झालं! त्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने वाढून घेतलं आणि भांडीही घासली.

पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. म्हणजे रंजनाताईही मला म्हातारी समजतात तर! मग काय, जिकडे तिकडे तेच दिसायला लागलं. पाण्याची बाटली आधी मला का दिली? कैनाडची जसू, कॉलेजात जाणारी पोर, "ताई, द्या पिशवी" म्हणाली, तर मी तिच्यावर खेकसले, "हात मोडलेत का माझे?" बिचारी दोन पावलं मागे सरकली.

आता दाखवतेच एकेकीला, म्हटलं. विवळवेढ्याला जाऊन देवीच्या गडाच्या पायऱ्या चढले. देवीला हात जोडले, पण मागितलं काय? रंजनाताईंचं नाक खाली! डहाणूच्या किनाऱ्यावर अशी पळत सुटले, की ओळखीचे लोक विचारायचे, "वहिनी, कुत्रं मागे लागलंय का?"

मग आली तलासरीविरुद्धची मॅच. जिंकलो तर थेट जिल्ह्याला! तलासरीने आम्हाला दरवेळी धुतलेलं, त्यामुळे या वेळी सगळ्या पेटून उठलेल्या. जसूची आई शेतातलं काम टाकून कैनाडहून आलेली. लेकीला खेळताना पहिल्यांदाच बघणार होती. पुढेच बसलेली, मांडीवर भाकरीचं फडकं.

शिट्टी झाली. थोड्याच वेळात, "भारती, बाहेर!"

मी ऐकलंच नाही.

"अगं भारती!"

मी दुसरीकडे बघितलं. रेषेपाशी जसू तयार उभी. मी बाहेर पडल्याशिवाय तिला आत येता येईना. "ताई, या ना!"

"मी नाही बाहेर येणार!"

प्रेक्षकांतून नवरा ओरडला, "अगं, ये की बाहेर!" मग तर ठरलंच. मेले तरी येणार नाही!

मध्यंतरात रंजनाताई तणतणत माझ्याकडे निघाल्या. मी तडक बाथरूममध्ये शिरले, आतून कडी! शिट्टी वाजल्यावर निघाले ती सरळ मैदानात. तलासरीच्या पोरी सारख्या आतबाहेर करत होत्या. मला मनातून त्यांची कीव आली. एकीलाही दम नाही, म्हटलं!

बरोबरी होती. शेवटची मिनिटं. चेंडू माझ्या पायात, समोर गोल मोकळा. मी पाय उचलला आणि पोटरीत असा पेटका आला, की धाडकन आडवी! तलासरीच्या पोरीने चेंडू नेला आणि पलीकडे गोल मारला. संपलं. जिल्हा गेला!

दोघींनी मला उचलून कडेला आणलं. तलासरीच्याच दोघींनी! आमच्यातली एकही पुढे आली नाही.

रंजनाताईंचा चेहरा लालबुंद. "का नाही आलीस बाहेर?"

"मी दमले नव्हते!" मी कण्हत कण्हत ओरडले.

"अगं, दमायच्या आधीच काढायचं असतं! म्हणजे परत ताज्या दमाने आत जाता येतं. इथे सगळ्यांनाच काढतात, हवं तितक्या वेळा. एवढी खेळलीस, दिसलं नाही तुला?"

"दिसलं ना! मला वाटलं, बाकीच्या खरंच दमतात!"

रंजनाताईंनी कपाळावर हात मारला आणि निघून गेल्या. जसू तिथेच उभी होती, इस्त्री केलेल्या कोऱ्या जर्सीत, घामाचा एक थेंब नाही अंगावर.

तेवढ्यात तिची आई आली, खाली बसली आणि माझा पाय मांडीवर घेऊन पोटरी चोळायला लागली. हाताला काय गुण होता माऊलीच्या! पेटका क्षणात उतरला. मग मायेने माझ्याकडे बघत तिने विचारलं, "तुझी मॅच तर झाली बाय. आता माझ्या जसूची कधी आहे?"

मी पोटरी धरली आणि पहिल्यापेक्षा मोठ्याने बोंब ठोकली.