स्फटिकावरचा दिवा मी बंद केला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. सांगणार कुठल्या तोंडाने? लोक मला ‘प्रामाणिक माणूस’ म्हणतात, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. प्रामाणिक! कोण, मी?

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत मी प्रोटीनचे स्फटिक तपासतो. क्ष-किरण सोडले की प्रोटीनची रचना कळते. पण तेच किरण त्याला बिघडवतातही. म्हणून बाजूने साध्या दिव्याचा झोत सोडायचा आणि स्फटिक कोणते रंग शोषतो, ते आलेखावर बघत राहायचं. आलेखातला उंचवटा सरकला, की समजायचं — प्रोटीन बिघडलं, थांबा. तो दिवा लावायचं काम माझ्या विद्यार्थिनीचं, मृणालचं. लालबागची पोर, तोंडाने फटकळ, कामात चोख. ते तपकिरी स्फटिकही तिनेच वर्षभर खपून वाढवलेले.

त्या दुपारी ती डबा खायला गेली, आणि उंचवटा सरकला. मोजमाप अर्धंही झालं नव्हतं. थांबायला हवं होतं ना? पण चांगला स्फटिक तेवढा एकच उरला होता, आणि त्याच प्रोटीनवर काम करणाऱ्या दुसऱ्या गटाच्या आधी मला शोधनिबंध छापायचा होता. मी आलेख पुसला. दिवा बंद केला. मोजमाप चालू ठेवलं — आणि पुढे बिघडलेल्या प्रोटीनची रचना मूळ म्हणून छापली.

मृणाल डबा खाऊन परत आली. “सर, दिवा बंद कसा काय? आणि रंग बघा, पार उतरलाय!”

मी सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसलो — दिवा तूच नीट जोडला नव्हतास. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय? “जोडला होता, सर,” ती म्हणाली. एकदाच. पुढे तिच्याबद्दल कुणीही विचारलं, की मी सांगायचो, हुशार आहे, पण निष्काळजी. त्या ‘पण’ने तिला संशोधनात कुठेच जागा मिळू दिली नाही. नीच माणूस मी! आता ती लोअर परळला एका ऑफिसात गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते.

गेल्या महिन्यात दादरला भाजी घेताना भेटली. स्वतःहूनच म्हणाली, “सर, तेव्हा तुमचा केवढा खोळंबा केला मी. दिवा नीट जोडलाच नसणार. सॉरी हं.”

तेव्हा तरी मी बोलायचं होतं. समोर उभी होती ती.

“जाऊ दे गं,” मी म्हणालो, “होतं असं.”

मी तिला माफ केलं.