मूकपटाचा निवेदक

मूकपटाला निवेदक ठेवायचा, हा निर्णय आमच्या मंडळाने दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका फ्लॅटमध्ये, पोहे-चहा आटोपल्यावर घेतला. विरोधात एकच मत होतं, माझं.

चित्रपटही मीच सुचवला होता. शंभरेक वर्षांपूर्वीचा, अमेरिकन, विनोदी, अर्ध्या तासाहून छोटा. त्यातली नायिका धडपडत नाही, तोंड वेडंवाकडं करत नाही. भोवतीचे सगळे पुरुष धावपळ करतात आणि ती जागची हलत नाही. फार तर एक भुवई उचलते. तेवढ्यावर हसू येतं.

पण माझं कारण नायिका नव्हती. कारण घरात होतं. गेल्या काही वर्षांत माझ्या बायकोचं ऐकणं जवळजवळ संपलं आहे. समोरासमोर, जवळून, ओठांवरून तिला कळतं. सभागृहात कानाचं यंत्र लावलं तर नुसता गोंगाट येतो. मंडळाच्या कार्यक्रमांत ती शेजारच्यांकडे बघून, ते हसले की हसायची. मग एकदा म्हणाली, "अहो, नाटकाला जाऊन मी प्रेक्षकच बघते. ते घरूनही दिसतात, तुम्ही आहात ना." त्यानंतर ती यायची बंद झाली. वहिनी हल्ली शिष्ट झाल्या, असं मंडळात बोललं जाऊ लागलं.

मूकपटात तिला कुणाकडे बघावं लागणार नव्हतं. भरल्या सभागृहात, सगळ्यांबरोबर, एकाच क्षणी हसता येणार होतं. मला तेवढंच हवं होतं. मात्र तिने बजावलं होतं, "माझ्या कानांचा विषय मीटिंगमध्ये काढायचा नाही." त्यामुळे मी बैठकीत कलेवर बोललो. कलेवर बोलणारा माणूस आमच्या बैठकीत हरतो.

निवेदक म्हणजे जबल अलीतल्या एका गोदामाचे व्यवस्थापक. माणूस चांगला, आवाज भारदस्त. आमच्याकडे गाण्याआधी ते गाणं कशाबद्दल आहे हे सांगितलं जातं आणि गाणं संपल्यावर ते कसं झालं हेही सांगितलं जातं. दोन्ही कामं वर्षानुवर्षं त्यांच्याकडे आहेत.

"साहेब," ते मला म्हणाले, "हॉल आहे, माईक आहे, पब्लिक आहे, आणि आपण गप्प बसायचं? लोकांना वाटेल साउंड गेला."

"साउंड नाहीच आहे त्यात."

"तेच म्हणतोय मी. भरून काढू."

"फक्त सुरुवातीला बोला. दोन मिनिटं."

"इन्शाल्ला," ते म्हणाले. इथे इतकी वर्षं काढल्यावर या शब्दाचा अर्थ मला कळायला हवा होता.

कार्यक्रम अल क्वोजमध्ये, एका जुन्या गोदामात थाटलेल्या नृत्यवर्गाच्या हॉलमध्ये झाला. बायको आली. तिसऱ्या रांगेत, माझ्या आणि मुलीच्या मधे बसली. निवेदक पडद्याच्या डाव्या बाजूला उभे होते आणि ते दिसावेत म्हणून त्यांच्यावर एक दिवा सोडला होता. त्या उजेडात पडद्याची डावी कड फिकी पडत होती. मी दिवा बंद करायला सांगितलं. मग ते दिसणार नाहीत, असं उत्तर मिळालं.

प्रास्ताविक झालं, प्रायोजकांचे आभार झाले, चित्रपट सुरू झाला आणि निवेदक बोलतच राहिले.

"आता बघा हं, हिचा होणारा नवरा येणार. आला! आता घसरणार. घसरला!" मधूनमधून त्यांचे स्वतःचे विनोदही होते. गोदामातले, मुदत संपत आलेल्या व्हिसाचे, बायकांच्या खरेदीचे. लोक हसत होते. पडद्यावर त्या वेळी नायिका शांतपणे हातमोजे काढत होती.

मुलगी माझ्याकडे वाकून म्हणाली, "बाबा, ही इज टेलिंग एव्हरीथिंग बिफोर इट हॅपन्स."

बायकोने दोन वेळा मागे वळून लोकांकडे पाहिलं. पडद्यावर हसण्यासारखं काही नव्हतं आणि लोक हसत होते.

चित्रपटातला सगळ्यात चांगला प्रसंग मेजवानीचा आहे. नायिकेचा मोत्यांचा सर तुटतो. पाहुणे टेबलाखाली रांगत मोती शोधू लागतात. ती एकटी सूप पीत राहते. मग तोंडातून एक मोती काढते आणि, माशाचा काटा काढून ठेवावा तसा, बशीच्या कडेला ठेवते. मग दुसरा. चेहऱ्यावर काही नाही.

"मोती कुठे गेलेत सांगू?" निवेदक म्हणाले. "सूपमध्ये! आता तोंडातून काढणार बघा!"

सभागृह हसलं. हसून संपलं. मग पडद्यावर पहिला मोती बशीच्या कडेला आला आणि माझी बायको एकटीच मोठ्याने, मनापासून हसली.

माणसं वळली. पुढच्या रांगेतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "वहिनींची ट्यूब आत्ता पेटली."

बायकोला ते ऐकू आलं नाही. वळलेले चेहरे मात्र दिसले. उरलेला चित्रपट तिने हात मांडीवर ठेवून पाहिला. पुन्हा हसली नाही.

शेवटी निवेदकांचा शाल देऊन सत्कार झाला. नंतर चहा, वडे, खजूर. ते शालीसकट आमच्याकडे आले.

"काय वहिनी, आवडला ना? मी होतो म्हणून लोकांना कळला तरी."

बायको त्यांच्या ओठांकडे बघत होती. "भाऊजी," ती म्हणाली, "मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही. पिक्चर मला सगळा कळला. तुम्ही सगळे आधीच का हसत होता, तेवढं कळलं नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. आता तरी त्यांना कळेल, असं मला वाटलं.

ते खरोखर कळवळले. जवळ सरकले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "आधी सांगायचं ना वहिनी! पुढच्या वेळी स्पीकर तुमच्या बाजूला लावतो! खलास!"

आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. व्यवस्था झाली होती.

बायको खजूर खात होती. ती जागची हलली नाही. त्यांच्याकडे बघत तिने तोंडातून बी काढली आणि सावकाश बशीच्या कडेला ठेवली. एक भुवई किंचित वर गेली.

मुलगी फिसकन हसली. तिच्या मागोमाग मी. बायको आमच्याकडे बघून, आमच्याबरोबरच हसली.

"काय झालं?" निवेदक विचारत होते. "अहो, काय झालं?"

आम्ही कुणीच त्यांना सांगितलं नाही.