हौसाबाईंची दोन वर्षं

अंगठ्याला शाई लावण्याआधी हौसाबाई तो पदराला दोनदा पुसायच्या. "कागद मळाय नगं गुर्जी, सरकारचा हाय," म्हणायच्या. कळसच्या आमच्या शाळेत त्या पहिल्यांदा आल्या त्या नामाला कडेवर घेऊनच. नवरा मेंढरांमागे कोकणात गेला होता आणि तिकडेच तापाने वारला होता.

"किती वर्षांचा?" मी विचारलं.

"चार भरली आसतील. बसू द्या कोपऱ्यात, मी खुरपाय जाते."

पटावर मुलं कमी पडत होती. मी नामाला सहा वर्षांचा केला आणि जन्मतारीख एक जून लिहिली. ज्यांची तारीख कुणाला ठाऊक नसे, त्या सगळ्यांची आम्ही शिक्षक एक जूनच लिहीत असू. त्यात काही चुकतंय असं तेव्हा वाटलंही नाही.

पुढे दम्याने त्यांचं रानातलं काम सुटलं. निराधार योजनेचा अर्ज मीच भरून दिला. गावात त्या पैशांना पगार म्हणत. "हौसाबाई, तुमी आता सरकारी नोकरदार," असं बायकांनी चिडवलं की त्या म्हणायच्या, "व्हय, बदली तेवढी न्हाय व्हयाची."

नव्वदनंतरच्या एका वर्षी तो पगार बंद झाला. मुलगा एकवीस वर्षांचा झाला की विधवेला तो मिळत नसे, आणि शाळेच्या दाखल्यावर नामा एकवीस वर्षांचा झाला होता. खरा तो एकोणीसचा. दहावी रखडत सुटली होती, बारामतीला फिटरचं शिकायला नुकताच लागला होता. हाताशी यायला अजून दोन वर्षं होती.

हौसाबाई शाळेत आल्या. "पोरगं कागदावर मोठं झालंय गुर्जी, घरात व्हायचं ऱ्हायलंय. तुमीच लिवलंय, तुमीच सांगा सायबाला."

मी चूक लेखी कबूल केली असती तर कदाचित ऐकलं गेलं असतं. पण माझी निवृत्ती सहा महिन्यांवर आली होती. खोट्या नोंदीची चौकशी लागली तर माझं पेन्शन अडकेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हणालो, "नोंद बदलता येत नाही. नियम आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं.

"ऱ्हाऊ द्या मग. तुमाला तरास नगं."

नामाचं शिक्षण त्यांनी सुटू दिलं नाही. त्या पुन्हा उसात खुरपायला जाऊ लागल्या. बांधावर बसून धापा टाकताना मला शाळेच्या खिडकीतून दिसत. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत राही. नामाला नोकरी लागण्याआधीच त्या गेल्या.

मरणाच्या महिनाभर आधी इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात त्या मला भेटल्या. माझं पेन्शन सुरू झालं होतं. मी रक्तदाब तपासायला गेलो होतो. रांग व्हरांड्याबाहेर आली होती. हौसाबाई अगदी दारापाशी, पहिल्या होत्या. छाती इतकी वाजत होती की मागच्यांनाही ऐकू येई. मी शेवटी उभा असलेला त्यांना दिसलो.

"आपलं गुर्जी हायती गं," त्या बायकांना म्हणाल्या. "त्यास्नी फुडं येऊ द्या, माझ्या आदी."

बायकांनी वाट दिली. मी पुढे गेलो.