बावीस सीट

झाड हे प्रवासी असतं आणि त्याला मुक्कामापर्यंत पोचवायची जबाबदारी कंडक्टरची असते, असं मनापासून मानणारा माणूस साऱ्या जगात एकच झाला असेल, आणि तो पाटोद्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. सारी वस्ती त्यांना मामा म्हणायची. मामा एसटीच्या कंडक्टरकीतून निवृत्त झाले, पण कंडक्टरकी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. दाराची कडी दोनदा वाजवल्याशिवाय ते घरातून निघत नसत, आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा उभ्या माणसांना "मागं सरका, मागं लई जागा हाय" म्हणून सरकवत. विहारामागच्या माळावर आमच्या वस्तीनं मिळून लावलेली बावीस झाडं होती. मामांच्या हिशेबी ती बावीस सीट. पिंपळ पुढच्या सीटवर, चिंच खिडकीशी, आणि करंज म्हणजे मागच्या बाकावर बसून दंगा करणारी पोरं.

दर पावसाळ्यात तिथे झाडं लावायचा कार्यक्रम व्हायचा. पाहुणे यायचे, हार व्हायचे, फोटोवाला "जरा इकडं बघा" म्हणायचा. मामा मात्र पाहुण्याच्या हातातलं रोप घट्ट धरून ठेवत आणि विचारत, "कुठवर?" एकदा एक पाहुणे गडबडून म्हणाले, "बीडपर्यंत. मीटिंग आहे." मामा म्हणाले, "तुमचं न्हाई इचारलं सायेब, झाडाचं इचारलं. पयल्या उन्हाळ्यापत्तोर का दुसऱ्या?" पाहुण्यांनी रोपच सोडून दिलं. त्या वर्षीच्या फोटोत रोप धरलेले एकटे मामा आहेत आणि बाजूला हार घातलेला एक खांदा आहे.

सगळ्यात न्यारा प्रकार म्हणजे त्यांचा चिमटा. पूर्वी तिकिटाला भोक पाडायला असायचा तो, आता मोडीत निघालेला. सायकलला दोन कॅन अडकवून मामा बोअरचं पाणी आणत, झाडाला घालत आणि मग त्याच झाडाच्या एका पानाला टिक् करून भोक पाडत. भोक पडलं म्हणजे पाणी मिळालं. एकदा शेतीखात्यातले एक साहेब ती पानं बघून चिंतेत पडले. इतकी गोल भोकं पाडणारी अळी त्यांनी पाहिली नव्हती. फवारणी करा म्हणाले. मामा शांतपणे म्हणाले, "ती अळी मीच हाय."

गेल्या वैशाखात मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, म्हणून लेकीनं त्यांना तीन आठवडे बीडला ठेवून घेतलं. जाताना त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला. हा चिमटा त्यांनी कधी कुणाला शिवू दिला नव्हता. "गुरुजी, तुमी शिकलेली मान्सं. तुमच्या भरवशावर गाडी सोडतो," म्हणाले. मी शाळामास्तर, शाळेला सुट्टी होती, म्हणजे सबबही नव्हती.

पाच दिवस मी इमानदारीनं पाणी घातलं. सहाव्या दिवशी वीज गेली, बोअर बंद. संध्याकाळी मामांचा फोन आला, "सगळे चढले का?" मी म्हणालो, "चढले." "चिमटा लावला?" "लावला." दोन्ही खोटं. रात्रभर मनाला लागलं, म्हणून निदान दुसरं तरी खरं व्हावं यासाठी सकाळी उठून मी बावीस पानांना भोकं पाडून आलो. माझ्यातल्या मास्तरचा प्रामाणिकपणा तो एवढाच. वीज परत आली, पण पाणी घालायला तीन तास लागायचे, भोकं पाडायला पंधरा मिनिटं. सवय फार लवकर लागली. मध्ये मेव्हण्याचं लग्न झालं मांजरसुंब्याला. तिथून आल्यावरही मी आधी भोकं पाडली. पानं मलूल होत होती, मला दिसत होती, आणि मी उद्या उद्या करत होतो.

मामा परतले ते काळा चष्मा लावून. "जय भीम, गुरुजी," म्हणाले आणि थेट माळावर. मी मागे मागे. त्यांनी चिंचेला हात लावला, करंजाला लावला. करंजाचं एक वाळलेलं पान बोटांत धरून अंगठ्यानं चाचपलं. भोक बरोबर मध्यावर होतं. अख्ख्या बसवर ओरडलेला माणूस, पण आवाज चढला नाही. "असं काऊन केलं, गुरुजी?" एवढंच विचारलं. मग पान खाली ठेवत म्हणाले, "तिकीट तर समद्यांचं पंच हाय. गाडीच न्हाई सुटली."

बावीसातली सात जगली. पिंपळ त्यात आहे, हे माझं नशीब. मला फार लाज वाटली, आजही वाटते. पावसाळ्याच्या तोंडाशी लेकीनं मामांना कायमचं बीडला नेलं. चिमटा मी परत करायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

मी पंधरा नवी झाडं लावली आणि फोन करून सांगितलं. मामांनी विचारलं, "कुठवर?" मी म्हणालो, "दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत, मामा. त्याच्या पुढंही." "बरं," म्हणाले.

आता रोज सकाळी मी सायकलला कॅन अडकवून माळावर जातो. चिमटा खिशात असतो, पानाला लावायची हिंमत होत नाही. संध्याकाळी मामांचा फोन येतो. पोरांचा अभ्यास, माझी पाठदुखी, गावातली लग्नं, सगळं विचारतात. सगळे चढले का, एवढं मात्र विचारत नाहीत.