घोडीच्या नाकातली रबरी नळी

मी सुईण होते, परीक्षा देऊन झालेली. दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट. नाशकातल्या एका सूतिकागृहात मला नोकरी होती आणि घरोघरी बाळंतपणाचं बोलावणं आलं की मी टांग्याने जात असे. टांगा ठरलेला होता. त्याचे मालक साठीच्या घरातले मुसलमान गृहस्थ. सगळा टांगा-अड्डा त्यांना चाचा म्हणे, मीही चाचाच म्हणे. ते मला बाई म्हणत. एकट्या बाईमाणसाने वेळी-अवेळी कुठेही जाणं त्या काळात सोपं नव्हतं. पण चाचांच्या टांग्यात बसले की मी निर्धास्त असे.

त्यांची घोडी तांबड्या रंगाची, अंगाने लहान आणि स्वभावाने फार गरीब. बाळंतपण लांबलं तर ती चार-चार तास दारात न बांधता उभी राहायची. तिला चाबूक लावलेला मी पाहिला नाही. चाचा तिला 'बेटी' म्हणत आणि घरात बोलावं तसं तिच्याशी बोलत.

वैशाखातली सकाळ होती. पंचवटीतल्या एका घरी पहाटे मुलगी झाली होती आणि सात वाजता चाचा मला न्यायला येणार होते. आठ वाजून गेले तरी टांगा आला नाही. असं कधी झालं नव्हतं, म्हणून मी बॅग उचलून चालतच अड्ड्यावर गेले.

अड्ड्यावर नेहमी टांगे चिकटून उभे असायचे. त्या दिवशी एका बाजूला मोकळी जागा पडली होती. मध्ये चाचांची घोडी, तिच्या गळ्यात हात टाकून चाचा, आणि बाकीचे टांगेवाले आपापली जनावरं दूर ओढून उभे. समोर टांगे तपासणारे इन्स्पेक्टर होते. एका हाताने नाकाला रुमाल लावलेला, दुसऱ्या हातात छडी. त्यांच्यामागे शिपाई एक पोतं घेऊन उभा होता. पोत्याला फिनेलचा उग्र वास येत होता.

मी घोडीकडे पाहिलं आणि तिथेच थबकले. ते तोंड ओळखू येत नव्हतं. पापण्या सुजून डोळे पार मिटले होते. वरचा ओठ जाड होऊन लोंबत होता. गालांपासून मानेपर्यंत अंगावर पित्त उठावं तशा गांधी उठल्या होत्या. सगळ्यात वाईट होत्या नाकपुड्या. एरवी दोन बोटं सहज जातील एवढ्या त्या मोठ्या, आता तिथे नुसत्या फटी उरल्या होत्या. प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता आणि बरगड्या आत-बाहेर होत होत्या.

"चाचा, हे कधीपासून?"

"काल संध्याकाळी डोळ्याखाली थोडी सूज होती, बाई. मला वाटलं माशी चावली. सकाळी उठून बघतो तर हे असं."

कुणी म्हणत होतं घोटीकडून आलेल्या गवतात काहीतरी असणार. कुणी म्हणत होतं गालावर तापल्या लोखंडाचा डाग द्या, सूज उतरते. इन्स्पेक्टरांनी छडी हलवून सगळ्यांना गप्प केलं आणि मला सांगितलं, "तुम्ही लांब राहा, बाई. हा ग्लँडर्स आहे. घोड्याचा रोग, पण माणसालाही लागतो आणि माणूस मरतो. याला औषध नाही."

"तुम्ही जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलंत?"

"त्यांना कळवलेलं आहे. ते दौऱ्यावर आहेत. तोवर अड्डाभर साथ पसरू द्यायची का?"

बोलणं बिनतोड वाटावं असं होतं, आणि मी मागे सरलेही असते. पण मला चाचांचा अंगठा दिसला. त्याला शाई लावलेली होती. शिपायाच्या हातात एक छापील कागद होता.

"चाचा, कसला अंगठा देताय?"

"दवाखान्यात ठेवायचा कागद आहे, बाई. साहेब म्हणाले, बरी झाली की परत देणार."

मी कागद मागितला. इन्स्पेक्टर म्हणाले, "तुमचा काय संबंध?" मी तो शिपायाच्या हातातून काढूनच घेतला. कागद इंग्रजीत होता. नर्सिंगच्या परीक्षेपुरतं इंग्रजी मला येत होतं आणि तेवढं पुरेसं होतं. जनावराला सांसर्गिक रोग झाला आहे हे मालकाला मान्य आहे आणि ते मारून टाकायला मालकाची राजीखुशीने संमती आहे, असं त्यावर लिहिलेलं होतं. दवाखान्याचा त्यात शब्द नव्हता.

मी ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत सांगितलं. चाचांनी शाईचा अंगठा मुठीत धरला. साठ वर्षांच्या त्या माणसाला आपण फसवले गेलो याची लाज वाटत होती. ज्याला वाटायला हवी होती तो रुमालाची घडी बदलत होता.

"समजावत बसलो असतो तर यांनी जनावर कधीच दिलं नसतं," इन्स्पेक्टर म्हणाले. "या लोकांच्या भल्यासाठीच आहे."

आज इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य आठवलं की माझ्या कपाळाची शीर ठणकते. एवढ्यात शिपाई पोतं घेऊन पुढे झाला. गोळी घालणारा माणूस येईपर्यंत रोग पसरू नये म्हणून फिनेलमध्ये बुडवलेलं ते पोतं घोडीच्या तोंडाला बांधायचा हुकूम होता.

तेव्हा मात्र चाचा मध्ये आले. "नाही साहेब. मरेल ती."

"तोंड उघडं ठेवून बांधू. तोंडाने घेईल श्वास."

"घोडं तोंडानं श्वास घेत नाही," चाचा म्हणाले. "कधीच घेत नाही. अल्लानं त्याला नाकच दिलं आहे. नाक बंद झालं की संपलं."

मलाही हे ठाऊक नव्हतं. पण मी घोड्यांची इन्स्पेक्टर नव्हते. ज्याच्या शब्दावर शहरातल्या घोड्यांचं जगणं-मरणं ठरत होतं, त्या माणसाला घोडा श्वास कुठून घेतो हे माहीत नव्हतं. मी पोतं शिपायाच्या हातातून खाली पाडलं. त्याने अडवलं नाही. मला वाटतं, त्यालाही ते बांधायचं नव्हतं.

घोडीची शिट्टी आता बारीक होत चालली होती. तिचे पाय थरथरत होते. नुकत्याच जन्मलेल्या मुलाचा श्वास अडकला की आम्ही नळी घालतो. तीच गोष्ट डोक्यात आली. माझ्या बॅगेत एनिम्याची रबरी नळी होती, करंगळीएवढी जाड, उकळून फडक्यात गुंडाळलेली. नाळ कापायच्या कात्रीने मी तिचे वीत-वीतभर दोन तुकडे केले, कापलेल्या कडा घासून बोथट केल्या आणि खोबरेल लावलं.

"चाचा, हिचं डोकं वर धरा. खाली घालू देऊ नका. खाली घातलं तर सूज आणखी उतरेल नाकात."

चाचांनी तिची हनुवटी खांद्यावर घेतली आणि तिच्या कानात बोलत राहिले. मी एका फटीत बोट घालून वाट केली आणि नळी हळूहळू आत सारली. घोडीने एकदा अंग झाडलं, पण पाय उचलला नाही. दुसरी नळी घालायला जास्त वेळ लागला. मग दोन्ही नळ्यांची बाहेरची टोकं पट्टीने तिच्या नाकाभोवती बांधली. शिट्टी थांबली. नळ्यांतून फुस्स फुस्स हवा येऊ-जाऊ लागली, आणि पाच मिनिटांत तिच्या बरगड्यांची धडपड कमी झाली. जवळ यायला घाबरणारे दोघे टांगेवाले आता पुढे आले आणि तिच्यावर चादरीची सावली धरून उभे राहिले.

बांधलेल्या पट्टीवर लगाम रुतत होता म्हणून चाचा तो काढू लागले. तेव्हा त्यांच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या बेचक्यात कातडी काळी पडली होती आणि कडेने पाण्याचे फोड आले होते. असे फोड मी बाळंतिणींच्या अंगावर किती वेळा पाहिले होते.

"चाचा, बिब्ब्याला हात लावलात का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या लगामाकडे. कपाळपट्टी उलटी केली तर आतून पाच बिब्बे ओवून शिवलेले होते, ताजे, तेलाने भरलेले. वैशाखाच्या उन्हात ते तापून फुटले होते. त्यांचं काळं तेल पट्टीत मुरलं होतं आणि घामाबरोबर डोळ्यांवर, गालांवर, नाकावर उतरलं होतं. घोडीने खाजवायला तोंड गुडघ्यावर घासलं, तसं ते आणखी पसरलं असणार.

"परवा स्टेशनवर दोन पाहुणे म्हणाले, काय देखणी घोडी आहे," चाचा म्हणाले. "नजर लागू नये म्हणून शिवले, बाई. मीच शिवले."

बिब्बा उतला होता. आमच्याकडे लहान पोरीलाही हे माहीत असतं. धोबी कपड्यावर खूण करतो तेच ते तेल. एखाद्याच्या कातडीला काही होत नाही आणि एखाद्याचं तोंड दोन दिवसांनी भोपळ्याएवढं होतं. बिब्ब्याची धुरी घेतलेल्या एका बाळंतिणीचे डोळे आठ दिवस उघडले नव्हते, ते माझ्या समोरचं होतं. घोडीचीही कातडी तशीच नाजूक निघाली.

मी इन्स्पेक्टरांना ती कपाळपट्टी दाखवली. त्यांनी ती हातात घेतली नाही.

"बिब्ब्याने घोडं असं सुजल्याचं मी कधी पाहिलं नाही," ते म्हणाले.

"ग्लँडर्स झालेलं घोडं पाहिलंत?"

"पुस्तकात त्याचं पूर्ण वर्णन आहे."

म्हणजे तेही पाहिलं नव्हतं. सकाळपासून त्यांनी घोडीला छडीच्या टोकाखेरीज कशानेही स्पर्श केला नव्हता. लगाम काढून पाहिला असता तरी कळलं असतं. गोळी घालायचं त्यांनी तेवढ्यापुरतं थांबवलं, पण जाताना चाचांच्या छातीवरचा परवान्याचा बिल्ला काढून नेला. डॉक्टरांचा दाखला मिळेपर्यंत टांगा बंद.

घोडीला चाचांच्या घरामागच्या चिंचेखाली नेलं. तोंड बेसन आणि पाण्याने हलक्या हाताने धुतलं, खोबरेल लावलं, गार पाण्याच्या घड्या ठेवल्या. चाचांच्या सुनेने हरभऱ्याचं पीठ पातळ कालवून चमच्याने तिच्या ओठांच्या कडेने घातलं. दर दोन तासांनी नळ्या काढून, पुसून, पुन्हा घालाव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी नाकपुड्या सुटल्या आणि नळ्यांची गरज उरली नाही. पाचव्या दिवशी एक डोळा उघडला. चाचा त्या पाच दिवसांत मला सारखं विचारत होते, "बाई, मीच केलं ना हे?" मी म्हणायची, "तुम्ही जीव लावलात, चूक झाली." त्यांना ते पटत नव्हतं.

आठव्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी बोटांनी जबड्याखाली चाचपलं, नाक पाहिलं, कातडीची खपली पाहिली आणि म्हणाले, "ग्लँडर्स कुणी सांगितला? हे कशानेतरी उतलं आहे." दोन मिनिटं लागली त्यांना. दाखला तिथेच लिहून दिला.

बिल्ला आणायला मी चाचांबरोबर कचेरीत गेले. तासभर बाकावर बसवल्यावर आत बोलावलं. इन्स्पेक्टरांच्या टेबलावर नोंदवही उघडी होती. त्यात लिहिलेलं मी उभ्याने वाचलं: एका घोडीत सांसर्गिक रोगाचा संशय आला, वेळीच अलग ठेवल्यामुळे आणि खात्याच्या देखरेखीमुळे ती बरी झाली. बिब्ब्याचा उल्लेख नव्हता, डॉक्टरांच्या शब्दांचा नव्हता, इंग्रजी कागदाचा नव्हता.

"हे खोटं आहे. दुरुस्त करा," मी म्हणाले.

"घोडी जिवंत आहे ना? बिल्ला मिळाला ना? मग एवढं रागवायचं कारण काय?"

"कारण तुम्ही तिला मारणार होतात. आणि यांच्याच अंगठ्याने."

त्यांनी वही मिटली. मी वरच्या साहेबांना सगळं लिहून पाठवलं. त्याला उत्तर आलं नाही; आमच्या सूतिकागृहात मात्र पत्र गेलं, आणि बाळंतिणींसाठी असलेली नळी जनावराला वापरल्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली. नळी मी दुसऱ्याच दिवशी नवी आणून ठेवली होती. ताकीद देणाऱ्या डॉक्टरीणबाई माझी नजर चुकवत होत्या, एवढं मी पाहिलं.

चाचांचा टांगा पुन्हा सुरू झाला. घोडीच्या डोळ्यांभोवती केस पांढरे उगवले. त्यानंतर अड्ड्यावरचे टांगेवाले कसलाही कागद आला की माझ्याकडे घेऊन येऊ लागले. मी सूतिकागृहाच्या पायरीवर बसून तो वाचून दाखवी.

असाच एकदा पिंपळगावकडचा एक तरुण टांगेवाला आला. कागद साधा होता, टांग्याचा दिवा न लावल्याच्या दंडाचा. वाचून झाल्यावरही तो उठेना. मग म्हणाला, "बाई, मागल्या साली माझ्या घोड्याचं तोंड असंच सुजलं व्हतं. गांधीलमाश्यांच्या पोळ्यात घुसला व्हता तो. साहेबांनी कागदावर अंगठा घेतला, म्हणले दवाखान्यात नेतो. मंग म्हणले, तिथं मेला."

मी त्याचा कागद पायरीवर ठेवला.

"मला लय दिवस वाटायचं, मीच उशिरा आणला म्हणून मेला. त्या कागदावर काय लिव्हलं असंल, बाई?"

कागद माझ्यासमोर नव्हता, पण त्यावर काय लिहिलेलं असणार हे मला माहीत होतं. मी ते त्याला सांगितलं. उशीर झाला म्हणून घोडा गेला असं त्याने जन्मभर स्वतःला लावून घ्यावं हे मला बघवेना. त्याने ते ऐकून घेतलं, दंडाचा कागद घडी करून खिशात घातला आणि टांग्याकडे गेला.