शेटच्या दारात ठेवलेलं म्हातारपण

आमच्या दिघाशी गावाहून अमेरिकेला निघालो त्या दिवशी गाडी आधी भिवंडीतल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गाळ्यावर नेली. हट्ट आबांचा. आबा म्हणजे माझे वडील, त्या गाळ्यावर कारागीर. शेटच्या पाया पडल्याशिवाय पोरानं परदेशी जायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. लूमच्या खडखडाटात मी वाकलो. शेटनं न बघताच हात वर केला. परत गाडीत बसताना आबा म्हणाले, "शेट म्हंजे आपला घरचा मानूस. त्याच्याकडं ठेवलेला पैसा कुटं जात न्हाय."

तेव्हा गाळ्यावर तशी रीतच होती. पगारातला थोडा पैसा कारागीर शेटकडेच जमा ठेवायचे, म्हातारपणासाठी. पुढे शेटनं लूम भंगारात काढले आणि जवळच राहनाळला गोडाऊन बांधलं. आबा पैसे मागायला गेले तर म्हणाला, "पैसा कहाँ भागा जा रहा है? गोदाम पे बैठ, धीरे धीरे दे दूँगा." आबा बसले. आपलाच पैसा नजरेआड होऊ नये म्हणून त्याच माणसाच्या फाटकावर वॉचमन! येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकना सलाम ठोकत. सुट्टीवर गावी गेलो की मला ते बघवत नसे. चीड यायची शेटची, आणि खरं सांगायचं तर आबांचीही.

आणि मी इकडे काय केलं? विमानं बांधणाऱ्या मोठ्या कंपनीत लागलो. पहिल्याच दिवशी एच.आर.च्या बाई गोड हसून म्हणाल्या, "आपण सगळे एक कुटुंब आहोत." मग रिटायरमेंट प्लॅन समजावला. आपण पगारातून थोडं टाकायचं, कंपनी तिचा वाटा टाकणार, पण तो स्वतःच्या शेअरमध्ये. माझा वाटा कुठेही गुंतवायची मोकळीक होती. मीही तो कंपनीच्याच शेअरमध्ये टाकला. जिथं राबायचं तिथंच ठेवायचं, एवढंच गाळ्यानं शिकवलं होतं. इथल्या माझ्या भावांनो, तुमच्यातल्या कितीजणांनी हेच केलंय, मला ठाऊक आहे.

यंदा विमानांच्या तक्रारी बाहेर आल्या आणि शेअर घसरला. कंपनीत जेवणाच्या टेबलावर सगळ्यांचं एकच पालुपद, थांबा, वर येईल. माझं काम तपासणीचं. त्याच सुमारास माझ्यासमोर विमानाचं एक दार आलं. बिजागरीजवळ फट होती. मी शेरा मारला, हे पुढे जाणार नाही. शेजारचा म्हातारा सहकारी कानाशी आला आणि म्हणाला, "बाहेर बातमी गेली तर शेअर अजून पडेल. तुझंही म्हातारपण त्यातच आहे ना?"

मला शिसारी आली. तोंडातला घास थुंकावा तशी. त्या दाराशेजारी कुणाची तरी आई बसणार होती आणि हा माणूस पेन्शन मोजत होता. त्याहून किळस याची वाटली की क्षणभर मीही मोजलं. शेरा मी मागे घेतला नाही. टेबलावर माझ्याशेजारी आता कुणी बसत नाही.

त्या आठवड्यात फोनवर आबांना हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आबा, ती ड्युटी सोडा. शेट काही तो पैसा देणार नाही."

पलीकडे फाटकावर ट्रकचा हॉर्न वाजला. मग आबा म्हणाले, "तुज्या शेटकडं तुजा पैसा हायच ना अजून? पयला तू सोड. मंग मी सोडतो."

मी पडत्या भावात सगळे शेअर विकले. प्लॅनमध्येच पैसे दुसरीकडे वळवले. निम्म्याहून अधिक गेलं. पण कंपनी बुडो की तरो, दाराची फट बघताना आता मला फक्त फटच दिसते. आबांना तसं कळवलं.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. घाबरली होती. "अरे, ह्यांनी ड्युटीचा शर्ट घातला, आन् ओट्यावरच बसलेत. जातच न्हाईत. च्या मागतात नुसता."

"मग दे ना," मी म्हटलं.

घर म्हणजे काय, हे मला इतकी वर्षं परक्या गावात बसून सांगता येत नव्हतं. आता येतं. आमच्या ओट्यावर आबा चहा पिताहेत आणि राहनाळच्या त्या फाटकावर कुणीच नाही.